भारोभार

त्यांनी जन्मभर वजनं केली, आणि वजन या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे कापसा-धान्याच्या घाऊक बाजारात, ते मापाडी होते. कापसाची गाडी आली की तीन लाकडी बल्ल्यांना टांगलेल्या त्या भल्यामोठ्या तराजूच्या एका पारड्यात कापसाची गाठोडी, दुसऱ्यात लोखंडी वजनं, आणि मध्ये हे, एक डोळा मिटून काट्याकडे बघत उभे. शेतकरी आणि आडत्या एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असले तरी यांनी एकदा "बराबर" म्हटलं की दोघांची तोंडं बंद व्हायची. निजामाच्या राज्यात तहसीलदाराच्या हुकमावर अपील होतं, यांच्या "बराबर"वर नव्हतं.

मोंढ्याच्या मागे एका पडक्या गोदामात त्यांची तालीम होती, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणत. नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. वस्ताद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मिशा, मांड्या आणि गळ्यातला ताईत येत असेल, तर त्यातला फक्त ताईत यांच्याकडे होता. बाकी माणूस काडीसारखा. नवा गडी तालमीत आला की पहिल्यांदा यांनाच विचारायचा, "वस्ताद कुठं गेलेत?"

मी तिथल्याच एका जिनिंगमध्ये कारकून होतो. उर्दूत पावत्या लिहायच्या आणि मराठीत शिव्या खायच्या, एवढंच माझं काम. बावीस वर्षांचा होतो आणि खुर्चीत बसलो की खुर्ची दिसत नसे. वस्ताद मला "मुन्शी" म्हणत. लोक भेटल्यावर "जेवलात का" विचारतात, वस्ताद विचारायचे, "मुन्शी, आज काय उचललं?" मी म्हणायचो, "दौत." ते गंभीरपणे मान हलवायचे, "चला, काहीतरी तर उचललं."

माणसाला तराजूत बसू द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. एका दसऱ्याला तराजूची पूजा झाली, नारळ फुटला, आणि एक लठ्ठ आडत्या गमतीनं पारड्यात जाऊन बसला. "वस्ताद, बघा बरं, यंदा किती भरलो!" वस्तादांनी हातातला प्रसाद खाली ठेवला, वहाणा घातल्या आणि घरी निघून गेले. तीन दिवस आलेच नाहीत. कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत गेली. शेवटी त्या आडत्यालाच त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं.

"शेटजी," वस्ताद म्हणाले, "वजन मुडद्याला बी असतंय. तुम्ही जित्ते हायेत. जित्त्या माणसाला किती भरतो ते इचारायचं नसतंय. त्याला काय करता येतं ते इचारायचं."

आडत्याला यातलं काय कळलं देव जाणे. पण गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून त्यानं हात जोडले.

दुसऱ्या तालमींत जोर-बैठका मोजतात. इथं मोजणं बंद. आरसा नाही, दंड मोजायला दोरी नाही. आल्यावर आधी आपला नेम सांगायचा. नेम हा शब्द मला तोवर दोन ठिकाणी माहीत होता: दगडानं चिंच पाडताना धरायचा तो, आणि एकादशीला पाळायचा तो. वस्तादांच्या तालमीत हे दोन्ही एकच होते. जे धरायचं तेच रोज पाळायचं. आणि नेम असा पाहिजे की तो पुरा झालेला चार माणसांना डोळ्यांनी दिसला पाहिजे. "ताकद पायजे", "तब्येत सुधारायची", "बारीक व्हायचंय" असलं काही म्हटलं की वस्ताद फक्त एक शब्द टाकायचे.

"मंग?"

त्या "मंग?"नं मी भलेभले गार झालेले पाहिलेत. बारीक झालो, मंग? मंग काय, कपडे सैल होतील. मंग? मंग... आणि माणूस डोकं खाजवायला लागायचा. "जा, घरी जाऊन इचार करून ये," असं सांगून ते त्याला परत पाठवायचे. माझ्या घरी आता सुनेनं एक पांढरं चपटं वजनाचं यंत्र आणून ठेवलंय. ती सकाळी त्यावर उभी राहते आणि चेहरा पाडून उतरते. दर वेळी माझ्या जिभेवर "मंग?" येतो. सासऱ्यानं असलं विचारू नये म्हणून मी तो चहाबरोबर गिळतो.

आडतीवरचे एक मुनीम होते. पंगतीतून उठताना त्यांना जमिनीला हात टेकावा लागायचा, आणि घरात मुलीचं लग्न निघालेलं. व्याह्यांसमोर हात न टेकता उठायचं, हा त्यांचा नेम. वस्तादांनी त्यांना सहा महिने पाटावर बसवलं आणि उठवलं. लग्नात वस्ताद अगदी समोरच्या रांगेत जेवायला बसले, आणि लाडू सोडून मुनिमांकडेच बघत राहिले. मुनीम उठले. हात टेकला नाही. वस्तादांनी भर पंगतीत उष्ट्या हातानं टाळ्या वाजवल्या. वराकडच्या मंडळींना हा माणूस शेवटपर्यंत कळला नाही.

दुसरे आमचे दर्जीचाचा. जन्म मशीनवर बसून गेलेला, गुडघे आखडलेले. ते म्हणाले, "वस्ताद, नमाज में सजदे से उठते वखत हाथ टेकना पडता. शरम आती." वस्ताद म्हणाले, "हा खरा नेम." मग चाचा रोज तालमीतल्या मारुतीसमोर बैठका काढायचे आणि इथून थेट मशिदीत जायचे. ईदच्या दिवशी ते शीरखुर्म्याचं भांडं घेऊन तालमीच्या दारात आले. भांडं आमच्या हातात दिलं, आणि तिथंच तीनदा खाली बसले, तीनदा उठले. हात कुठंही लागला नाही. वस्ताद डोळे पुसत म्हणाले, "बराबर." पुढे आमच्या मुलखात जे दिवस आले ते आले. पण मी मेलो तरी कुणी मला सांगू नये की असले ईदचे दिवस इथं नव्हतेच.

आता माझी गोष्ट. मी तीन वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस उतरला नाही. तेव्हा आईनं राजूरच्या गणपतीला नवस बोलला, की लेकरू वाचलं तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन. मी वाचलो. नवस तेव्हाच फेडला असता तर एका ढेपेत भागलं असतं. पण त्या साली पाऊस नव्हता, पुढच्या साली आजा गेला, मग वडील गेले, आणि हसनाबादच्या आमच्या घरात दरवर्षी नवसाच्या आडवं काहीतरी येत गेलं. इकडे आई मला दूध, तूप घालतच होती. मी वाढत होतो आणि गूळही वाढत होता. कारभार बघणाऱ्या माझ्या काकांनी एका दिवाळीला मला खळ्यावरच्या तराजूत बसवलं. दहा-दहा शेरांच्या नऊ ढेपी! लढाईचे दिवस, गूळ मिळायची मारामार. काका त्या रात्री नीट जेवले नाहीत.

आईचे गुडघे तोवर गेले होते. छातीतही दुखायचं. ती काही मागत नसे, पण त्या दिवाळीला मी निघताना म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत फिटू दे बाबा. देवापुढं खोटं पडून जायचं न्हाई मला."

मला ते लागलं. काकांनाही लागलं, पण त्यांच्या पद्धतीनं. ते मला घेऊन थेट परतूरला आले आणि तालमीत वस्तादांपुढे उभं केलं.

"वस्ताद, याला जरा बारीक करा."

"मंग?"

"मंग काय, राजूरला तुला करू याची. गुळाची."

"बारीक होऊन काहून?"

काका जवळ सरकले, आवाज उतरवला. "नऊ ढेपी भरून राह्यलाय. सातावर आणा. दोन ढेपी तर दोन ढेपी."

वस्ताद काकांकडे बघतच राहिले. मग असे हसले की मारुतीसमोरची पणती हलली. "मोंढ्यात लई पाह्यले हो मापात मारणारे. पर देवाला मापात मारणारे तुम्हीच पहिले!"

काकांचा चेहरा पडला. वस्ताद माझ्याकडे वळले. "मुन्शी, नवस तुझ्या मायचा. गूळ तुझ्या काकाचा. तुझं काय?"

मी म्हणालो, "मी पारड्यात बसणार."

"दगड बी बसतो."

मग एकदम सुचलं. सुचलं तेव्हा घाबरलो, पण तोंडातून निघून गेलं होतं: "तो गूळ मी माझ्या पाठीवर घेऊन टेकडी चढीन. सगळा. एका खेपेत."

"बराबर," वस्ताद म्हणाले. "हा नेम. जेवढा असशील तेवढा अस. पर जेवढा हायेस तेवढं तुला उचलता आलं पायजे."

काका परतीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मोंढ्यातले हमाल सरकीची पोती पाठीवर घेऊन लाकडी फळीवरून थप्पीवर चढतात. वस्तादांनी मला त्या फळीपाशी आणून सोडलं. पहिल्या दिवशी एका ढेपेएवढी सरकी घेऊन चढलो आणि उतरताना बसूनच उतरलो. हमालांचा मुकादम म्हणाला, "मुन्शीसाब, आमच्या पोटावर कशाला उठलात? पावत्या लिवा की." सगळा मोंढा हसला, मीही हसलो. पण रोज जिनिंग सुटल्यावर फळीकडे गेलो. चार महिन्यांत तीन ढेपींएवढं ओझं चढवायला लागलो. मुकादम हसायचा थांबला आणि पोतं मानेवर नाही, पाठीच्या कण्यावर कसं घ्यायचं ते शिकवायला लागला.

आणि मग मी माती खाल्ली. काकांचं पत्र आलं होतं: "सात झाले काय? लवकर कळवणे." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात कुठंतरी तेच होतं. चार माणसांसमोर पारड्यात बसायचं आणि लोकांनी ढेपी मोजायच्या, या कल्पनेनं मला घाम फुटायचा. मी गुपचूप जेवण तोडलं. एक भाकर, एक वाटी ताक. महिना, दीड महिना. एका अमावास्येला बाजार बंद होता. भर दुपारी मी एका हमालाला विडीचं बंडल देऊन तराजूपाशी आणलं आणि पारड्यात बसलो. आठ! पुरी एक ढेप कमी. मी आनंदानं उडी मारून उतरलो, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून बल्ली धरून उभा राहिलो.

संध्याकाळी फळीवर तीन ढेपींचं पोतं घेतलं आणि दुसऱ्याच पावलाला पोत्यासकट खाली आलो. दोनाचं घेतलं, तेही जमेना. वस्ताद बघत होते.

"आज काय उचललं, मुन्शी?"

मी मूर्खासारखा खूश होऊन सांगितलं, "वस्ताद, एक ढेप कमी झालो!"

त्यांनी कुठं, कसं, काही विचारलं नाही. मनगट धरून मला तराजूपाशी नेलं. मोंढा रिकामा होता. पारड्यात माझ्या टाचांची माती तशीच होती. ती त्यांनी उपरण्यानं पुसली आणि पारड्याच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता मारतात. पण ते खाली बसले.

"माझी घरची याच पारड्यात बसायची," ते म्हणाले. "वीस साल झाले. खोकला व्हता तिला. हकीम म्हनला, दर हप्त्याला वजन करा. वजन वाढलं तर दवा लागू पडली समजा. मंग मी दर ऐतवारी तिला इथं आणायचो. ती बसायची, मी वजनं टाकायचो. मंग एकेक काढायचो. ऐतवार गेला की शेर काढायचो, ऐतवार गेला की शेर काढायचो."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"घरी जाताना ती म्हनायची, आज मी चिंचेपत्तुर चालत गेल्ते. आज निम्मी घागर उचलली म्हनायची. मी म्हनायचो, पर आज दीड शेर कमी भरलीस. मंग ती गप बसायची. नंतर नंतर तिनं सांगणंच सोडून दिलं." त्यांनी पारडं हळूच हलवलं. "गेली त्याच्या आदल्या दिशी बी ती चिंचेपत्तुर जाऊन आल्ती. शेजारीण म्हनली मला, मयतीत. मला म्हाईतच नव्हतं. मी काटा बघत बसलो ना." हलणारं पारडं त्यांनी हातानं थांबवलं. मग म्हणाले, "मला तिचं शेवटचं वजन पाठ हाय, मुन्शी. शेवटचं बोलणं न्हाई."

त्यांनी उठून उपरणं झटकलं. "जा, जेव. आज पोटभर जेव." त्या दिवशी मी खानावळीत सहा भाकरी खाल्ल्या, रडत रडत. वाढणाऱ्या बाईला वाटलं ठेचा तिखट झालाय. त्यानंतर दीड वर्षानं राजूरला जाईपर्यंत मी तराजूकडे फिरकलो नाही; फळीवर मात्र एकेक ढेप वाढवत नऊपर्यंत गेलो.

मी परतूर सोडलं ते निजामाच्या शेवटच्या, गडबडीच्या वर्षात. तालमी म्हटलं की संशय, चार माणसं जमली की चौकशी. वस्तादांनी तालमीला कुलूप घातलं आणि किल्ली दाराच्या फटीतून आत मारुतीच्या पायाशी टाकून दिली. पोलीस ॲक्शन झाल्यावर मी मुद्दाम गेलो, तर गोदामात कुणाचा तरी कापूस भरला होता. वस्ताद बहिणीच्या गावाला गेले एवढंच मुकादमानं सांगितलं. गावाचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. मी चार गावं पालथी घातली. मग नोकरी, बदल्या, लेकरं. जास्त शोधायला पाहिजे होतं. ते नाही केलं, त्याची खंत आजही जात नाही.

पण डोळे मिटले की मला ते मोंढ्यात दिसत नाहीत. राजूरच्या टेकडीच्या पायथ्याशी दिसतात.

चतुर्थीचा दिवस होता. पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. परतूरहून वस्ताद आणि मी आगगाडीनं जालन्याला, तिथून बैलगाडीनं राजूरला आलो. हसनाबादहून काका आईला गाडीत घालून घेऊन आले होते. गाडीत कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीवर आई. दोन वर्षांत ती एवढी वाळली होती की मी आधी काकांकडे बघितलं. काकांनी मान वळवली.

पायथ्याच्या वाण्याचा तराजू मागून आणला होता. तीन बांबू बांधले, पारडी टांगली. वाणी पुढे झाला. तेवढ्यात आई गाडीतूनच वस्तादांना म्हणाली, "दादा, तुम्ही मापाडी हायेत ना?"

"हाव, माय."

"मंग माझ्या लेकराचं माप दुसऱ्यानं काहून करावं?"

आईला बिचारीला काय माहीत. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण वस्तादांनी हात वर केला. ते त्या रिकाम्या पारड्याकडे बघत होते. बघतच राहिले. वाणी म्हणाला, "जल्दी करा हो, गर्दी व्हऊन राह्यली." वस्तादांनी वहाणा काढल्या, पारड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला म्हणाले, "बैस, मुन्शी."

मी बसलो. मोंढ्यात मी त्यांना हजारदा वजनं टाकताना पाहिलं होतं, फटाफट, न बघता. त्या दिवशी ते एकेक ढेप दोन्ही हातांनी उचलून अशी ठेवत होते, जसं झोपलेलं लेकरू ठेवावं. आई मोठ्यानं मोजत होती. पाच. सहा. सात झाल्या तेव्हा काकांनी आशेनं माझ्याकडे बघितलं. आठ. मी जमिनीवरच. नऊ. पारडं हललं, पण उठेना. वस्तादांनी वाण्याकडून वरती गुळाची एक छोटी भेली मागून घेतली. ती ठेवली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. त्या ऐतवारांना ते काढत गेले होते. आज त्यांनी नुसतं चढवलं होतं, आणि माणूस जिवंत समोर बसला होता.

"बराबर," ते म्हणाले.

"कशाचं बराबर?" काका ओरडले. "दोन साल तालीम करून पोरगं एक भेली वाढलं की!"

सगळी गर्दी हसली. आई सगळ्यांत जास्त हसली.

गुळाचं पोतं शिवलं. वस्ताद आणि काकांनी ते उचलून माझ्या पाठीवर दिलं. पायऱ्या किती होत्या ते मी मोजलं नाही. मोजायची सवयच गेली होती. निम्म्यावर पोटऱ्या थरथरायला लागल्या. एका म्हातारीनं मला हमाल समजून "बाजूला व्हय रं" म्हटलं, मला फार बरं वाटलं. वर देवापुढे पोतं टेकवलं तेव्हा पाठीचा कणा आहे की नाही ते हातानं चाचपून बघितलं. नेम पुरा झाला होता. वस्ताद मागोमाग चढून आले होते. त्यांनी उपरण्यानं माझी मान पुसली.

खाली आलो तर आई गाडीतच, कळसाकडे तोंड करून हात जोडून बसलेली. "झालं रे बाबा," म्हणाली. "माझा इथूनच नमस्कार पोचला."

मी वस्तादांकडे बघितलं. त्यांनी नुसतं विचारलं, "मंग?"

मी गाडीला पाठ लावून उभा राहिलो. "आई, धर गळ्याला."

"येडा झालास का, आत्ताच एवढं वझं..."

"धर म्हणतो ना."

तिनं हात टाकले. मी उठलो, आणि उठताना जवळजवळ तोल गेला. पाठ नऊ ढेपी विसरली नव्हती. तिला ओझं पाहिजे होतं, आणि ओझं नव्हतंच. पाठीवर लुगड्याची नुसती घडी ठेवावी, तसं. दोन पायऱ्या चढलो. मी वळून वस्तादांना म्हणालो, "वस्ताद, ही तर तीन ढेपी सुद्धा..."

"आकडा न्हाई, मुन्शी," ते करड्या आवाजात म्हणाले. इतका करडा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ती काय म्हनून राह्यली ते ऐक."

आणि मी ऐकलं. आई माझ्या कानाशी बोलत होती. कदाचित पहिल्या पायरीपासून बोलत असेल.

"...हसनाबादपसून असंच तुला पाठीवर घेऊन आल्ते. ताप उतरंना तवा. तू गळ्याला धरीत बी नव्हतास, पदरानं बांधलं व्हतं. रस्त्यात दोनदा हात मागं नेऊन पाह्यलं, लेकरू हाय का पडलं. काहीच लागत नव्हतं रे पाठीला. या पायरीवर बसून रडले. म्हनलं देवा, याला वजन दे. बाकी काही नको, याला वजन दे, मी त्याच्या भारोभार गूळ देते. हळू, हळू चल राजा. हे बघ, इथून आपल्या रानाची बाजू दिसती. थांब जरा. बघू दे."

मी थांबलो. वस्तादही दोन पायऱ्या खाली थांबले. आम्ही तिघं त्या बाजूला बघत उभे राहिलो, आणि मागून लोक ओरडत होते, चला चला, पुढं चला.

आई त्या उन्हाळ्यातच गेली. तिचं वजन किती होतं ते मला ठाऊक नाही. बोलणं सगळं पाठ आहे.